कोर्वू ते फ्लोरिश, बारा मिनिटं

चोवीस किलोमीटर, बारा मिनिटं. आमच्या शाळेतली मुलं भागाकार याच गणितावर शिकतात. बेटावर गाव एकच, रस्ता एकच, आणि तोही वर ज्वालामुखीच्या विवराच्या काठापाशी जाऊन संपतो. मग 'एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालेली गाडी' मी आणू कुठून? आमच्याकडे विमान आहे. ते कोर्वूहून उडतं आणि समोर दिसणाऱ्या फ्लोरिश बेटावर उतरतं. म्हणून मी फळ्यावर दोन बेटं काढते, मधे समुद्राची नागमोडी रेघ, आणि रेघेवर एक विमान. त्याची शेपटी मला कधीच नीट जमत नाही.

विमान मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी येतं. त्या दिवशी मी सातही मुलांना घेऊन धावपट्टीच्या भिंतीशी जाते. नऊ वर्षांच्या झुल्मीराच्या मनगटावर तिच्या वडिलांचं घड्याळ असतं, कोपरापर्यंत सरकणारं. ती उडायची वेळ वहीत लिहिते. तिकडे विमान उतरलं की फ्लोरिशचा विमानतळ इथल्या बिनतारी यंत्राच्या खोलीत फोन करून वेळ कळवतो. मग आम्ही वजाबाकी करतो. कधी अकरा, कधी तेरा, बहुतेक वेळा बारा.

त्या जानेवारीतल्या गुरुवारी विमानात माझी मुलगी बसणार होती.

आमच्या बेटावर बाळंतपण होत नाही. डॉक्टर एकच, आणि शस्त्रक्रियेची सोय नाही. म्हणून महिनाभर आधी बायका फायाल बेटावरच्या मोठ्या रुग्णालयाजवळ जाऊन राहतात. विमान आधी फ्लोरिशला उतरतं, तिथे इंधन भरतं, आणि मग पुढे फायालला जातं. ग्रासिएतनं जाणं दोनदा पुढे ढकललं होतं. आठवा महिना अर्धा सरला तरी ती मागच्या अंगणात कोबी लावत बसलेली.

"मंगळवारी जाईन," ती म्हणायची. मंगळवार आला की गुरुवार.

शेवटी बुधवारी रात्री जेवताना मी तिला बोलतं केलं. ताटातल्या चीजचे ती नुसते तुकडे करत होती.

"खरं सांग, कशाची भीती वाटते?"

"फ्लोरिशच्या डोंगराची. उतरताना तो पंखाला घासतोय असं वाटतं. मागच्या वेळी मी डोळे मिटले आणि कानांतून रक्त येईल इतके ओठ चावत होते."

"कानातून रक्त यायला ओठ कशाला चावायचे?" तिचा नवरा इव्हारिश्तू म्हणाला.

"तू गप्प बस. तुला काय, तू खुर्चीत बसून 'वारा आग्नेयेचा, वारा आग्नेयेचा' म्हणतोस."

इव्हारिश्तू धावपट्टीवरच्या बिनतारी खोलीत काम करतो. वैमानिकाला वारा आणि ढग सांगणं हे त्याचं काम. तोही माझाच विद्यार्थी. जावई झाला तरी मला बाईच म्हणतो.

मी ग्रासिएतचा हात धरला. "हे बघ, बारा मिनिटं. भात शिजायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यातली चार चढण्यात जातात, चार समुद्रावर, आणि डोंगर दिसतो तो शेवटच्या चारांत. चार मिनिटं तू सहन करू शकत नाहीस? पुढे फायालपर्यंत नुसतं मोकळं आकाश आहे."

तिनं चीजचा तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाली, "तू सांगतेस म्हणून जाते."

सोमवारच्या वादळात बेटावरचा दूरध्वनीचा मनोरा पडला होता. दुरुस्तीची माणसं बोटीनं यायची होती, पण समुद्र त्यांना येऊ देत नव्हता. बुधवारी रात्री या गोष्टीचं मला काही वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी विमान आलं तेच मुळी उशिरा. ढग खाली आले होते. आवाज डोक्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला. मग एक फट मिळाली आणि ते खाली उतरलं. प्रवासी चारच चढले. ग्रासिएतनं माझ्या गळ्यात हात घातले तेव्हा तिचं पोट मधे आलं आणि आम्हा दोघींना हसू फुटलं. मुलांनी हात हलवले. दहा वाजून वीस मिनिटांनी विमान धावपट्टीच्या टोकाला पोचलं, उचललं गेलं आणि समुद्रावर करड्या रंगात मिसळून गेलं.

"दहा वीस," झुल्मीरानं लिहिलं.

भिंतीवर एर्मीनियू काका बसले होते. वय ऐंशीच्या वर. तरुणपणी ते कड्यावरच्या टेहळणीच्या खोपीत बसून समुद्रात व्हेल शोधायचे. तो धंदा बंद झाला, पण दुर्बीण अजून गळ्यात असते.

"काय बाई, आज उत्तर किती?"

"बारा."

"तुमच्या आकड्यांवर आम्ही शिकारीला गेलो असतो तर उपाशी मेलो असतो. समुद्राला वही वाचता येत नाही."

"पण मला येते," झुल्मीरा म्हणाली, आणि काका दात नसलेलं तोंड उघडून हसले.

दहा बत्तीस झाले. फोन येणार नव्हता हे माहीत असूनही मुलांनी सवयीनं बिनतारी खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. काचेमागे इव्हारिश्तू उभा होता. तो एरवी उभा राहत नाही. खुर्ची मागे ढकललेली, एक हात कानावरच्या यंत्रावर दाबलेला.

मी दाराशी गेले. आत जायची परवानगी कोणालाच नाही, मलाही नाही.

"काय झालं?"

"काही नाही, बाई. वैमानिक म्हणाला की धावपट्टी दिसत नाही, पुन्हा फिरून येतो."

"मग?"

"मग मधे डोंगर आला. डोंगराआड गेलं की मला त्याचं ऐकू येत नाही. तो आता फ्लोरिशशी बोलत असेल."

"बोलत असेल की बोलतोय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शाळेत पाढा चुकला की तो असाच पाहायचा. "असेल," तो म्हणाला.

मी भिंतीपाशी परत आले. फ्लोरिश दिसत नव्हतं. एरवी ते इतकं स्पष्ट असतं की संध्याकाळी तिकडचे दिवे मोजता येतात. आज समुद्र पाच-सहा मैलांपर्यंत दिसत होता आणि त्यापुढे कोणीतरी ओली चादर टाकल्यासारखं सगळं पांढरं. वारा आग्नेयेचा होता. आग्नेयेचा वारा फ्लोरिशच्या पूर्व किनाऱ्यावर ढग नेऊन चेपतो, आणि धावपट्टी पूर्व किनाऱ्यावर आहे. हेही मीच मुलांना शिकवलेलं.

"चला, वर्गात," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. मी पुन्हा म्हटलं नाही.

पावणेअकरा झाले, मग अकराला पाच मिनिटं उरली. ही बातमी कोणी कोणाला सांगितली ते मला कळलं नाही, पण बायका एकेक करून घरांतून बाहेर आल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या खांद्यावर मूल. आमच्या गावात दारांना कुलूप नसतं, त्यामुळे बाहेर पडायला वेळ लागत नाही. कोणी मला काही विचारत नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

"परत आपल्याकडे का नाही आलं?" कोणीतरी मागे कुजबुजलं.

"इथं तरी कुठं उतरता येतंय? वर बघ."

मी वर पाहिलं. आमच्या डोंगराचा माथा गेला होता. ढग घरांच्या कौलांपर्यंत उतरत होता.

"ते सरळ फायालला गेलं असेल, बाई," झुल्मीरा म्हणाली. तिनं ते विचारल्यासारखं म्हटलं.

"हो," मी म्हटलं. माझ्या खिशात खडू असतोच. मी भिंतीच्या दगडावर लिहायला लागले, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. "फायाल इथून किती?"

"दोनशे चाळीस किलोमीटर."

"विमान ताशी तीनशे वीस. म्हणजे?"

"पाऊण तास."

"वारा समोरून. ताशी साठ वजा."

तिनं ओठ हलवले. "दोनशे साठ... पंचावन्न मिनिटं, बाई. थोडी जास्त."

"छान. म्हणजे पावणेअकराला तिकडे वळलं असेल तर पावणेबाराला पोचेल."

सगळी मुलं भिंतीशी दाटली. मला क्षणभर धीर आला. आकडे एका ओळीत उभे राहिले की मला नेहमीच धीर येतो. तेवढ्यात झुल्मीरानं वहीचं मागचं पान उलटलं.

"पण बाई, त्यात तेल किती असेल? फ्लोरिशला भरायचं होतं ना? आणि सकाळी ते आपल्यावरच फिरत होतं. मी लिहिलंय. अठरा मिनिटं."

मी पुन्हा बिनतारी खोलीच्या दाराशी गेले. "इव्हारिश्तू, फायालहून निघताना ते किती तासांचं इंधन घेतात?"

"दोन तासांचं. आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"मला माहीत नाही, बाई." तो यंत्राकडेच बघत होता. "ते वैमानिकाला माहीत असतं. मला विचारू नका. मी ते गणित करत नाहीये. तुम्हीही करू नका."

पण ते आधीच झालं होतं. फायालहून इकडे येताना वारा पाठीशी, चाळीस मिनिटं. वर फिरण्यात अठरा. फ्लोरिशपर्यंत बारा. झाले सत्तर. मग तिथे घिरट्या, किती कोण जाणे. मग पंचावन्न. घिरट्या धरल्याच नाहीत तरी एकशे पंचवीस. दोन तासांची मिनिटं एकशे वीस. उरलेली पाच त्या 'थोडं'मध्ये बसवायची होती, आणि घिरट्याही त्यातच.

मी बाहेर आले आणि दगडावरचे आकडे बाहीनं पुसले. मुलांनी पाहिलं. मी आजवर कधीही अर्धवट गणित पुसलेलं नव्हतं.

साधारण सव्वाअकराला समोरचा पांढरा पडदा खालून थोडा उचलला गेला. फ्लोरिशचं उत्तरेचं टोक दिसलं. नुसतं टोक, पुंता देल्गादा गावाच्या बाजूचं, काळं आणि बुटकं. वरचा डोंगर आणि पूर्वेचा किनारा ढगातच होता. एर्मीनियू काका भिंतीवर उभे राहिले. दोघांनी त्यांना धरलं. त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही.

"काय दिसतंय, काका?"

"धूर."

"कसला धूर?"

मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि डोक्यावरची टोपी काढली. "तीन आहेत," ते म्हणाले. "शेजारी शेजारी."

आता दुर्बिणीची गरज नव्हती. काळ्या टोकावर तीन पांढऱ्या दोऱ्या वर जाऊन वाकल्या होत्या.

तार आणि फोन नव्हते त्या काळी आमची दोन बेटं जाळ पेटवून बोलायची. एक जाळ म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलंय, पाद्री पाठवा. दोन म्हणजे डॉक्टर पाठवा. तीन म्हणजे माणूस गेला. माझ्या आजोबांनी स्वतः असे जाळ पेटवले होते. मनोरा पडल्यावर, मंगळवारीच, मी वर्गात मुलांना हे सांगितलं होतं. फोन नसला म्हणून माणसं मुकी होत नाहीत, असं काहीसं मोठ्या उत्साहानं म्हटलं होतं. मुलांनी वह्यांत लाल रंगानं जाळ काढले होते.

झुल्मीरानं माझी बाही धरली. "बाई, तीन म्हणजे माणूस गेला ना? तुम्हीच सांगितलंत."

मी मुलांशी कधी खोटं बोललेली नाही. त्या क्षणी बोलावंसं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "तसंच सांगितलं होतं."

बायका गुडघ्यांवर बसल्या. ओल्या गवतात, तशाच. कोणीतरी मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागलं आणि बाकीच्या तिच्यात मिसळल्या. माझे पाय वाकत नव्हते. मला वाटत होतं, मी खाली बसले तर ते खरं होईल. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तू सांगतेस म्हणून जाते.

एर्मीनियू काका माझ्याजवळ आले. "बाई, चर्चची घंटा वाजवायला सांगू का? रीत आहे. तिकडून जाळ दिसला की इकडून घंटा."

"नाही."

"पोरी, ते लोक तिकडे वाट बघत असतील, आपल्याला दिसलं की नाही म्हणून."

"काका, पावणेबारापर्यंत नाही."

"पावणेबारा कशाला?"

"तेव्हा ते फायालला पोचेल."

"आणि धूर?"

"मला माहीत नाही! मला धुराचं माहीत नाही. पण घंटा वाजली की तिचा नवरा ऐकेल. तो त्या यंत्रापाशी एकटा उभा आहे, काका. त्याला अजून कोणी काही सांगितलेलं नाही."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. इव्हारिश्तूची पाठ आमच्याकडे होती. तो दर मिनिटाला तेच बोलत असावा, कारण त्याचे खांदे दर मिनिटाला तसेच वर जात होते. काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"पावणेबारा," ते म्हणाले. "मग मात्र मी ऐकणार नाही."

तो अर्धा तास मला नीट आठवत नाही. थंडी आठवते. एका मुलानं मला विचारलं की विमान पाण्यावर तरंगतं का, आणि मी त्याला खरंखुरं उत्तर दिलं, काही वेळ तरंगतं, असं, आणि मग वाटलं की हे उत्तर देणारी बाई कोण आहे. मधेच बिनतारी खोलीचं दार उघडलं. इव्हारिश्तू उंबऱ्यात आला आणि त्यानं गुडघ्यांवर बसलेल्या बायका पाहिल्या. मग समुद्रापलीकडे पाहिलं. तोही माझ्याच वर्गात शिकलेला, आणि जाळांची गोष्ट मी तेव्हाही सांगायचे. तो आत गेला आणि दार लावून घेतलं, फार हळू, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

पावणेबारा झाले. आकाश मुकं होतं. बाराला दहा मिनिटं उरली. एर्मीनियू काका उठले, माझ्याकडे न बघता चर्चच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांना अडवलं नाही.

ते गल्लीच्या तोंडाशी पोचले असतील, तेव्हा खालून धक्क्याकडून हाका ऐकू आल्या. धक्क्यावर मच्छीमारांचं एक बिनतारी यंत्र आहे, बोटींशी बोलायला. तिथला माणूस धावत चढ चढत होता आणि धावता धावता ओरडत होता, त्यामुळे त्याचा एकही शब्द कळत नव्हता.

"थांब आणि बोल, गाढवा!" काका त्याच्यावर खेकसले.

"फायाल!" तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला. "फायालला उतरलं. फ्लोरिशच्या एका बोटीनं सांगितलं, त्यांना त्यांच्या विमानतळानं सांगितलं. अकरा बेचाळीसला. सगळे जिवंत आहेत."

"आणि ते जाळ?"

"कसले जाळ?"

काकांनी हातानं दाखवलं. त्या माणसानं वळून पाहिलं. "ते? अहो, बोटवाला सांगत होता, पुंता देल्गादात आज तीन घरी डुकरं कापली. त्यातलं एक घर तर त्याच्या मेहुण्याचंच. कातडीवरचे केस जाळायला ओलं झुडूप पेटवलंय, म्हणून एवढा धूर."

आम्हीही याच महिन्यात डुकरं कापतो. असंच झुडूप पेटवतो, असाच धूर होतो. गेल्याच शनिवारी माझ्या शेजाऱ्याकडे झाला होता. भिंतीपाशी जमलेल्या साठ-सत्तर माणसांत एकालाही ते आठवलं नव्हतं. एक बाई रडता रडता हसायला लागली आणि तिला थांबता येईना. काका दगडावर बसले आणि म्हणाले, "डुकरांसाठी घंटा वाजवणार होतो मी," पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

मी त्या धक्क्यावरच्या माणसाकडे पाहत होते. त्याच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी शिल्लक होतं.

"आणखी काय म्हणाला बोटवाला?"

"बाई... एका प्रवासी बाईला विमानातून थेट रुग्णालयात नेलं म्हणे. गाडी बोलावून. गरोदर होती म्हणून असेल. इतकंच कळलं."

बिनतारी खोलीचं दार उघडं होतं. इव्हारिश्तूनं ऐकलं होतं.

शुक्रवारभर दुसरी काही बातमी आली नाही. फोन मुका, समुद्रात बोट नाही. मी शाळा घेतली. फळ्यावर एकही गणित लिहिलं नाही, आणि मुलांनी मागितलंही नाही. शनिवारी ढग वर गेले. वारा पडला. विमान वेळेवर आलं, पण इव्हारिश्तूला जागा सोडता येत नव्हती, कारण त्याच्याशिवाय ते यंत्र चालवणारं बेटावर कोणी नाही. म्हणून मी गेले.

मी बासष्ट वर्षांची होते आणि कधी विमानात बसले नव्हते. शिक्षिका व्हायला गेले ती जहाजानं, आले ती जहाजानं, आणि त्यानंतर कुठे गेलेच नाही. हे ग्रासिएतला ठाऊक होतं, इव्हारिश्तूला ठाऊक होतं, आणि तरी त्या बुधवारी जेवताना दोघांपैकी कोणी ते माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं.

फ्लोरिशला उतरताना तो डोंगर आला. डाव्या हाताला, हिरवा, ओला, त्यावरची एक गाय मला दिसली, तिच्या कानातला बिल्लासुद्धा. मी समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. शेजारच्या माणसानं सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. पुढे फायालपर्यंतचं मोकळं आकाशही मोकळं नव्हतं. त्यात खड्डे होते.

रुग्णालयात ग्रासिएत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाळ गुरुवारी दुपारीच झालं होतं. मुलगी. ती दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेली. परिचारिकेनं मला दारातून दाखवलं. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर ती म्हणाली, "श्वास स्वतःचा स्वतः घेतेय. बाकी बघू."

मी खुर्ची ओढली. ग्रासिएतनं डोळे उघडले.

"कशी आलीस?"

"विमानानं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू?"

"मी."

"डोंगर पाहिलास?"

"पाहिला. गायसुद्धा पाहिली."

तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "आम्ही त्याच्याजवळून तीनदा गेलो. ढगात. दिसत नव्हता, पण तो आहे हे कळत होतं. तिसऱ्या वेळी पोटात कळ आली. आणि मला तुझा इतका राग आला, आई. मी मोठ्यानं तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या. सगळ्यांनी ऐकल्या."

"चांगलं केलंस."

"चांगलं काय त्यात?"

"मला काहीच माहीत नव्हतं, ग्रासिएत. मी तुला फळ्यावरचं सांगितलं."

तिनं डोळे पुसले नाहीत. माझा हात शोधून धरला. पलीकडच्या खोलीत काहीतरी यंत्र एकसारखं टिकटिकत होतं आणि आम्ही दोघी ते ऐकत होतो. ते जरा लांबलं की दोघींची बोटं घट्ट व्हायची.

"परत कधी जाणार?" तिनं विचारलं.

"मंगळवारी विमान आहे."

"जाशील?"

"मुलं भिंतीशी माझी वाट बघत उभी राहतील," मी म्हटलं. "राहू देत. मी इथेच थांबते."